रेघेपर्यंतचं पाणी

जवळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जवळा निवडला. दुपारची वेळ. ओटीवर ताडपत्री, तिच्यावर सुकलेला जवळा. त्यातले खडे, शिंपल्यांचे तुकडे, बारीक खेकडे वेचून काढायचे. खाली बसली की उठताना तिला दम लागायचा, म्हणून माझी बायको आगनेस प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर सूप घेऊन. मी खाली.

"अवो, पानी द्या जरा," ती म्हणाली.

"तुजा संध्याकालचा चा बाकी हाय. आता प्यालीस तर मंग बोलायचं नाय."

"चा गेला खड्ड्यात. पानी द्या."

मी बाटली आणली, अर्धा कप ओतला. त्या बाटलीवर लाल रेघ आहे, मुलीनं नेलपॉलिशनं मारलेली. सकाळी रेघेपर्यंत भरायची आणि तिचं दिवसभराचं सगळं त्यातून भागवायचं. गोळ्या गिळायचं पाणी, चहा, पेज, सगळं. रेघेवर एक घोट नाही. राखण माझ्याकडे.

तिनं ते पाणी गालात धरून ठेवलं, मग हळूहळू गिळलं.

"मुन्सिपाल्टीचा नल पन तुमच्यापेक्षा बरा. एक दिवस आड येतो, पन येतो तवा धो धो येतो."

"ऑपरेशन होऊन दे. मंग पी धो धो."

"देवलामागच्या विहिरीवर न्याल?"

"नेईन."

"तांब्या नाय घेनार मी. बालदीच तोंडाला लावनार."

"लाव."

"आनि ही रेघ?"

"घासून टाकीन."

ती हसली. हसता हसता खोकला आला, तेव्हा मी सूप धरलं. जवळा अर्धा राहिला होता. "उद्या करू," म्हणाली.

कोणासाठी लिहितो

मी पाचूबंदरचा. सगळा जन्म बोटीवर गेला. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी ओढत नेली म्हणून. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण परवा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा सुटल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. तिच्या नवऱ्याच्या हृदयाचा व्हॉल्व्ह गळतो असं निघालं होतं. आगनेसचं तेच होतं हे तिला कोणीतरी सांगितलेलं. ती विचारत होती, गळतो म्हणजे काय होतं, आणि घरी आपण काय करायचं. देवळाच्या पायरीवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून इथे लिहितो.

आमची मुलगी मेबल लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये राहते, मुंबईला नोकरी करते. तिनं हे तपासून दिलं. तिच्या आईचं आणि माझं बोलणं मात्र मी तिला बदलू दिलं नाही.

दम

आगनेस मासळीबाजारात बसायची. तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची ती जागा. आमच्यात बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते आणि बाई ती सोडत नाही. चार सकाळी रिकामी दिसली की पाचव्या सकाळी तिथे दुसरीची टोपली असते.

पहिल्यांदा तिला रिक्षातून उतरून जागेपर्यंत जाताना दम लागायला लागला. ती म्हणाली वय झालं. मग म्हणाली गॅस झालाय. मी पण तेच म्हणालो, दुसरं काही सुचत नव्हतं. मग ती आडवी झोपेना. एका उशीच्या दोन झाल्या, मग भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागली. संध्याकाळी पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायचा. पट्ट्याचा वळ बराच वेळ राहायचा.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. घरात कोणाच्या उशा वाढायला लागल्या तर गॅसची गोळी देत बसू नका.

आमच्या गावच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. मग म्हणाला, "मावशी, ठोक्यात आवाज येतोय. फोटो काढायला लागेल."

"फोटो? मंग साडी बदलून येते," आगनेस म्हणाली.

मशीनमधली भरती

तो फोटो म्हणजे इको. लोक उगाच घाबरतात, म्हणून सांगतो. काही टोचत नाहीत. अंधारी खोली, थंडगार एसी. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला चिकट मलम लावतात आणि त्यावरून एक यंत्र फिरवतात. बरगड्यांवर दाबतात ते थोडं दुखतं. बाजूच्या पडद्यावर हृदय हलताना दिसतं.

हृदयाची डॉक्टरीण तरुण होती, आमच्या मेबलपेक्षा लहान. स्वभावानं चांगली. मला बाहेर हाकललं नाही. तिनं एक बटण दाबलं आणि मशीनमधून आवाज यायला लागला. घुश्श, घुश्श.

"भरती आली काय गो मशीनमदी?" आगनेसनं झोपल्या झोपल्या विचारलं.

डॉक्टरीण हसली. पण मग गप्प झाली, आणि एकाच जागी यंत्र धरून बराच वेळ बघत राहिली. मला तेव्हाच कळलं. समुद्रावर असताना बोट चालवणारा तांडेल गप्प होऊन एकाच दिशेला बघायला लागला की आम्हाला कळायचं तसं.

पडद्यावर लाल आणि निळा रंग उड्या मारत होता. ती म्हणाली, "काका, हे रक्त. हा दरवाजा बघा. रक्त खाली गेलं की तो घट्ट बंद व्हायला पाहिजे. पण बंद होत नाही. हे निळं-पिवळं फवाऱ्यासारखं दिसतंय ना, ते रक्त उलटं चाललंय. फुप्फुसाच्या बाजूला."

मी म्हणालो, "म्हणजे उघाडी."

तिला उघाडी माहीत नव्हती. आमच्या गावाच्या मागे खाडीकाठचं खाजण आहे, तिथल्या बांधात लाकडी झडप बसवलेली असते, ती उघाडी. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरतीला समुद्राचं पाणी तिला दाबून बंद करतं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. फळी कुजली किंवा मध्ये काटकी अडकली की प्रत्येक भरतीला थोडं थोडं आत येतं. वरून काही दिसत नाही. भात पिवळं पडायला लागलं की कळतं.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "खूप वर्षांपासून गळत असणार. त्यामुळे हृदय मोठं झालंय, थकलंय."

आगनेस मलम पुसत उठली. "फली बदला मंग," म्हणाली.

रेघ

फळी बदलता येते, म्हणजे ऑपरेशन होतं. पण लगेच नाही. फुप्फुसात पाणी साचलं होतं. आधी ते उतरवायचं, तिला जरा ताकद येऊ द्यायची, मगच भूल देता येईल असं डॉक्टरीण म्हणाली. आमचं सगळं त्या पाण्यावर अडलं. पाणी उतरलं तर ऑपरेशन, नाही तर नाही.

त्यासाठी लघवीची गोळी दिली, रोज सकाळी एक. मीठ कमी. पिण्याचं पाणी मोजून. मेबलनं त्याच दिवशी बाटलीवर रेघ मारली आणि बाटली माझ्या हातात दिली.

"पप्पा, मम्मीला दया दाखवायची नाही."

बोलायला सोपं आहे. ज्या बाईनं नळ येण्याआधी देवळामागच्या विहिरीवरून हंड्यावर हंडा ठेवून घराला पाणी पाजलं, तिला मी घोट मोजून द्यायचा. आमच्याकडे समुद्र इतका जवळ की बाकीच्या विहिरी मचूळ. तेवढी एक गोड्या पाण्याची. आगनेस म्हणायची की त्या पाण्याला चव आहे, नळाच्या पाण्याला नुसता ओलेपणा आहे.

मी हट्टानं रेघ पाळली. तरी तिची सूज उतरेना. दोन पावलं चालली की थांबायची. मेबल फोनवर मला ओरडायची, "तुम्ही चोरून देता." मी तिला ओरडायचो. आगनेस दोघांना ओरडायची आणि टोपली घेऊन बाजारात जायची. बाजार बंद कर म्हणून आम्ही दोघंही सांगून दमलो.

मग एका सकाळी बाजारातच तिला श्वास घेता येईना. शेजारच्या बाईनं रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटलात नेलं.

शहाळी

हॉस्पिटलात तिला बसवूनच ठेवलं, तोंडाला ऑक्सिजन, हातात सुई. सुईतून औषध गेलं की लघवीची पिशवी भरायची आणि नर्स येऊन किती झाली ते बघून जायची. मी जन्मात पहिल्यांदा कोणाची लघवी बघून खूश झालो.

गाव भेटायला आलं. प्रत्येकाच्या हातात शहाळं. आजारी माणसाला शहाळं न्यायचं हे आपल्यात ठरलेलं. खाटेखाली शहाळ्यांची रास झाली आणि वर तिचा घसा कोरडा. तिच्या चुलतभावानं शहाळं फोडून स्ट्रॉ घालून तिच्या तोंडाजवळ नेलं, तेव्हा मी ते हिसकावून घेतलं. तो रागावून गेला.

"पानी पन देत नाय काय बायकोला," दारात उभा राहून म्हणाला. सगळा वॉर्ड बघत होता.

मी उरलेली शहाळी नर्स, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटांचे नातेवाईक यांना वाटली. मी मात्र एकही प्यालो नाही. तिच्यासमोर कसं पिणार.

एका नर्सनं मला सांगितलं की पाण्याऐवजी बर्फाचा लहान खडा चघळायला द्या, घसा ओला राहतो आणि पाणी थोडंच जातं. गुळणी करून थुंकली तरी बरं वाटतं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. हे मोठं उपकाराचं बोलणं. तो खडाही बाटलीच्या मापातच धरायचा, एवढं लक्षात ठेवा.

पहिला खडा मी तिच्या जिभेवर ठेवला तेव्हा तिनं डोळे मिटले.

"बर्फ तर मासलीला लावतात," म्हणाली. "मी पन टिकेन मंग दोन दिवस."

बाजार

सुट्टी द्यायच्या दिवशी डॉक्टरीण खाटेजवळ येऊन बसली. मेबल होती, मी होतो.

"काकी, मला एक कळत नाही. इथे त्याच औषधानं पाणी छान उतरलं. घरी का उतरत नव्हतं? गोळी रोज घेत होता ना?"

"घ्यायची ना," आगनेस म्हणाली.

"रोज?"

आगनेस चादरीच्या कडेशी चाळा करायला लागली. "बाजार असेल त्या दिवशी नाय."

"बाजार रोज असतो मम्मी," मेबल म्हणाली.

"शुक्रवारी जास्त असतो."

मेबलचा आवाज चढला. डॉक्टरणीनं तिला हातानं थांबवलं आणि विचारलं, "का नाही घ्यायचात?"

आगनेसनं तिच्याकडे नीट बघितलं. "बाय, तू कंदी मासलीबाजारात बसलीस काय? पहाटे बसतो ते दुपारपर्यंत. तिथं बाईमानसानं जायचं कुटं? जे हाय त्याला कडी नाय, आत पाय ठेववत नाय. आमी सगल्या घरून जाऊन येतो आनि दुपारपर्यंत दाबून बसतो. तुजी गोली घेतली की दर घडीला पलायला लागतं. पाटी टाकून पलू? मांजरी काय माजी वाट बगतात? आनि मानसं बगतात ते वेगलं."

गोळी मी तिच्या हातावर ठेवायचो, ती पदराच्या गाठीत बांधायची. पाणी ती कमीच प्यायची, रेघेच्याही खाली, त्याच कारणानं. मला वाटायचं माझी राखण चोख आहे.

मला वाटलं डॉक्टरीण आता झापणार. ती म्हणाली, "काकी, मग गोळी दुपारी घ्या. घरी आल्यावर. सकाळीच पाहिजे असं काही नाही. हे मीच तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

एवढंच. दुपारी घ्या.

म्हणून मिस्साला भेटलेल्या त्या बाईला माझं पहिलं सांगणं हे. गोळ्या मिळाल्या की तुमचा माणूस दिवसभर काय करतो, कुठे बसतो, किती वाजता जेवतो ते डॉक्टरला सांगा. लाज धरू नका. डॉक्टरला आपला बाजार दिसत नाही.

पाईप

दुपारची गोळी सुरू झाली आणि पाय उतरले. खरंच उतरले. चपलेचा पट्टा सैल झाला. उशा परत दोनावर आल्या. बाजाराचं पण जमवलं, मेबलची जाऊ आठवड्याचे काही दिवस त्या जागेवर बसायला लागली, म्हणजे जागा गेली नाही. मासळी तोलताना ती दोन नग जास्त टाकते म्हणून आगनेस कुरकुरायची, पण घरी राहायची.

मग मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे आणखी एक इको करतात, तोंडातून पाईप घालून. छातीवरून बघताना बरगड्या आणि फुप्फुस मध्ये येतात. अन्ननळी हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते, तिथून दरवाजा जवळून दिसतो. तो शिवता येईल की नवा बसवायला लागेल हे त्यावरून ठरवतात. घशात फवारा मारून बधिर करतात, थोडी गुंगी देतात. त्याआधी उपाशी ठेवतात आणि नंतरही घसा जागा होईपर्यंत पाणी देत नाहीत.

बाहेर आली तेव्हा तिची जीभ जड होती.

"जल्मभर मासली खाल्ली, काटा कंदी अडकला नाय," ती म्हणाली. "आज पाईप गिलला." आणि लगेच, "पानी."

"आता नाय, थोडा वेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी राग सहन केला असता.

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले की शिवता येईल. मला ते ऐकून फार बरं वाटलं. जाळं शिवण्यातच माझी दुपार जायची, फाटलेलं शिवता येतं यावर माझा विश्वास आहे. तारीख मिळाली. घरी येताना तिनं मला विचारलं, शिवल्यावर पाणी किती देतील. मी म्हणालो, भरपूर. मला ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी

जवळा आम्ही निवडला तो तारखेच्या आधीच्या आठवड्यात. पाय सुजलेले नव्हते. दम होता, पण रोजच्यापेक्षा जास्त नाही. संध्याकाळी ती चहा प्याली. मग रोजरीला, माळेच्या प्रार्थनेला बसलो. ती खुर्चीत, हातात माळ. मी म्हणायचो, ती उत्तर द्यायची. एकदा तिचं उत्तर आलं नाही. मला वाटलं डुलकी लागली. मी पुढचं म्हटलं. तरी आलं नाही.

डॉक्टरीण नंतर म्हणाली की ठोक्याची लय एकदम बिघडली असणार. मोठं झालेलं हृदय कधी कधी असं करतं. त्याचा पाण्याशी संबंध नव्हता.

मी तिला सरळ विचारलं, "मंग त्या दिवशी तिला तांब्याभर दिलं असतं तर?"

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी काही फरक पडला नसता. पण तो शेवटचा दिवस आहे हे कोणाला माहीत होतं? रेघ पाळली नसती तर त्या हॉस्पिटलातून घरीच आल्या नसत्या. पाळलीत म्हणून तुम्हाला पुढचे महिने मिळाले."

डोक्याला हे पटतं. म्हणून वाचणाऱ्यानं माझं दुःख बघून रेघ मोडू नये. पाणी मोजूनच द्या. बर्फ द्या, गुळणी द्या, शिव्या खा, पण मोजून द्या. फक्त देताना जवळ बसा. कप हातात देऊन निघून जाऊ नका. घोट संपेपर्यंत बसा. मी बसायचो, तेवढं मला आता पुरतं.

नातेवाईक लांबून यायचे होते म्हणून तिला बर्फाच्या पेटीत ठेवलं. तेव्हा मला तिचं ते मासळीचं बोलणं आठवलं. मी उठून बाहेर जाऊन बसलो. मेबल आली, माझ्याजवळ बसली. तिला मी ते सांगितलं. ती हसली, आणि मग आम्ही दोघं खूप रडलो. शहाळ्यावरून रागावलेला चुलतभाऊ पण आला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिची शवपेटी उचलायला पुढे गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माती दिली.

सकाळ

सकाळी उठलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे झोपलेले. ओटीवरची ताडपत्री कोणीतरी जवळ्यासकट गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. मी मोरीत गेलो, बाटली घेतली, नळाखाली धरली. पाणी रेघेला आलं आणि हातानं आपोआप नळ बंद केला.

मी तसाच उभा राहिलो.

मग ते पाणी ओतून दिलं, बाटली घेतली आणि देवळामागे गेलो. विहिरीच्या काठाच्या दगडावर ती रेघ घासली. नेलपॉलिश चिवट असतं, वेळ लागला. बाटलीला ओरखडे पडले, पण रेघ गेली. मग बालदी सोडली, भरून ओढली. वर आणताना जराही सांडू दिलं नाही.

दफनभूमी तिथून चार पावलांवर. तिच्या कबरीवरची फुलं बाजूला सारली आणि डोक्याच्या बाजूला बसलो. बाटली बाजूला ठेवली, बालदीच तिरकी केली. माती भुसभुशीत होती. ओतलेलं सगळं पाणी आवाज न करता आत गेलं. वर थेंब राहिला नाही.

मी उठलो आणि दुसरी बालदी आणायला गेलो.